सरांची पेटी: घरची साठवण बांधावी की विकत घ्यावी?

गेल्या वर्षी गौरी-गणपती आटोपल्यावर सरांच्या पत्नींनी मला घरी बोलावून घेतले. आम्ही विद्यार्थी त्यांना काकू म्हणतो. सरांना जाऊन तेव्हा आठ महिने होत आले होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची व्यवस्था तोवर लागली होती. काही पुस्तके ग्रंथालयाला गेली, काही आम्हा विद्यार्थ्यांकडे आली. उरली होती ती फडताळाच्या खालच्या कप्प्यातली एक करडी पेटी. संगणक म्हणावे तर तिला पडदा नाही, कळफलक नाही. मागून विजेची एक वायर आणि वायफायच्या यंत्राकडे जाणारी दुसरी, एवढेच. काकू म्हणाल्या, "ही तू घेऊन जा. त्यांची गाणी हिच्यात आहेत, एवढे मला ठाऊक आहे. जूनपासून हिचा दिवा लागत नाही."

गाणी म्हणजे धवळे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा शब्द प्रथम भेटतो तो वाङ्मयेतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात. महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी रचलेली रुक्मिणीस्वयंवराची ही गीते, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. आमच्या भागात मात्र हा शब्द परीक्षेवाचूनही जिवंत राहिला. खारेपाटातील आगरी लग्नांत धवलारीण ही वयस्क बाई विधीगणिक धवले गाते. जुन्या पद्धतीच्या लग्नात लग्न लावण्याचा अधिकार तिच्याच गाण्याकडे असे. सर वर्गात सांगत, "धवळे हा लुप्त झालेला प्रकार आहे असे उत्तरपत्रिकेत लिहाल तर गुण कापीन. पोयनाडच्या गाडीत बसा आणि ऐकून या." ते स्वतः तसे बसले होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधरा-सोळा वर्षे लग्नसराईत टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ते गावोगाव हिंडले. सत्तरच्या आसपास ध्वनिफिती जमल्या. ज्यांचे आवाज त्यांत आहेत त्यांतल्या बहुतेक जणी आता नाहीत. ध्वनिफितींचे म्हणाल तर समुद्रकाठच्या दमट हवेने त्यांचे जे करायचे ते केले आहे. अर्ध्याहून अधिक फितींवर बुरशी आहे. म्हणजे त्या पेटीत जे होते, ते दुसरीकडे कोठेही नव्हते.

मी मराठीची शिक्षिका. संगणकाशी माझा संबंध टंकलेखन, पत्रव्यवहार आणि विद्यापीठाच्या गुणपत्रकांपुरता. त्यामुळे अशा प्रसंगी कोणीही करील तेच मी केले. पेटी उचलली आणि बाजारपेठेतल्या दुकानात नेली. तिथल्या मुलाने तत्परतेने आतल्या दोन डिस्क काढल्या, एक आपल्या संगणकाला जोडली, पडद्यावर आलेली सूचना वाचली आणि म्हणाला, "मॅडम, डिस्क ओळखतच नाही. फॉर्मॅट मारून देतो, एकदम नव्यासारखी होईल."

त्या क्षणी मी नको म्हटले, ते केवळ ‘नव्यासारखी’ या शब्दाच्या भयाने. पुढे कळले की डिस्क निरोगी होती. तिच्यावरची मांडणी विंडोजला वाचता येत नव्हती, आणि न वाचता येणाऱ्या डिस्कबाबत विंडोज ती पुसून नव्याने आखण्याविषयीच विचारते. दुकानातल्या मुलाचा दोष नाही. मोडी न येणाऱ्या वारसाने माळ्यावरची दप्तरे बंबात घातल्याच्या कथा आपण ऐकलेल्या आहेतच.

आता त्या पेटीविषयी थोडे सांगायला हवे, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या तशी एखादी वस्तू येणार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ म्हणतात. घरातल्या जाळ्याला जोडलेला, दिवसरात्र चालू असणारा एक लहान संगणक. त्यात दोन किंवा अधिक डिस्क. घरातल्या कोणत्याही संगणकावरून वा फोनवरून तिथे फाइल ठेवावी, तिथून उघडावी. (‘डेटा’ला ‘विदा’ हा प्रतिशब्द काही वर्षांपूर्वी महाजालावर बराच चालवला गेला. मला तो आवडतो, पण दुकानात वापरून पाहिला तर समोरचा माणूस आपण निघालो असे समजतो.) आमच्यासारख्यांना एवढी जागा कशाला, असे वाटू शकते. ध्वनीपुरते ते खरेही आहे: तासाभराची ध्वनिफीत उत्तम प्रतीत उतरवली तरी सुमारे ६०० एमबी होते, म्हणजे सरांचे सगळे धवळे आज बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर मावतील. जागा खातात ती पानांची चित्रे. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयला रंगीत आणि न दाबता टिपले की २६ एमबी. दोनशे पानांचा दिवाळी अंक म्हणजे ५ जीबीच्या वर. सरांनी निवृत्तीनंतर जुने दिवाळी अंक आणि लघुनियतकालिके टिपायला घेतली होती. तीनशे अंक झाले की दीड टीबी भरते.

अशी पेटी दोन प्रकारे मिळते. सुटे भाग जमवून वा जुना संगणक कामी लावून, त्यावर मोफत मिळणारी प्रणाली घालून ती घरी बांधता येते. किंवा एखाद्या कंपनीचा तयार डबा आणून त्यात डिस्क सरकवता येतात. सरांची पेटी पहिल्या प्रकारची. २०१४ साली शेजारच्या एका अभियांत्रिकीच्या मुलाने ती बांधून दिली. सरांना अशा गोष्टींचे कौतुक फार. जुन्या संगणकाचा सांगाडा, दोन टीबीच्या दोन डिस्क, आणि २००५ पासून मोफत मिळू लागलेली ‘फ्रीनॅस’ ही प्रणाली. दोन्ही डिस्कवर तेच लेखन एकाच वेळी होत असे, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहावी. शिवाय त्या मुलाने, चोरीचे भय नको म्हणून, दोन्ही डिस्क कूटबद्ध करून टाकल्या. मग मुलगा कॅनडाला गेला.

भौतिकशास्त्र विभागातील माझ्या एका सहकाऱ्यांनी पेटी तपासली तेव्हा मोडलेली वस्तू सापडली: फ्रीनॅस ज्यावरून सुरू होत असे तो पेनड्राइव्ह. दोनतीनशे रुपयांची वस्तू. दहा पावसाळ्यांत गंजून गेली. नवा पेनड्राइव्ह घालणे सोपे होते. पण डिस्कवरच्या कुलपाची किल्ली, म्हणजे ती उघडणारी फाइल, त्याच पेनड्राइव्हवर होती.

दोन दिवस मी फार अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅनडाहून फोन आला, "ताई, सापडली. तेव्हा मी स्वतःलाच मेल करून ठेवली होती." अकरा वर्षांपूर्वीचे एक पत्र, तेही त्याने सहज म्हणून न पुसलेले. त्यातही एक मेख होती: फ्रीनॅसचे वारस असलेल्या प्रणालीची आज चालू असलेली लिनक्सवरची आवृत्ती हे जुने कुलूप उघडत नाही. सहकाऱ्यांनी मागची आवृत्ती शोधून वेगळ्या यंत्रावर बसवली, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर रात्री अकराच्या सुमारास धवळे वाजू लागले.

महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण इथे कोणाही मराठीच्या अभ्यासकाला होईल. ग्रंथ पवित्र, परकीयांच्या हाती पडू नयेत, म्हणून पंथाने ते सांकेतिक लिप्यांत उतरवले. हेतू रक्षणाचा होता आणि रक्षण झालेही. पोथ्या मठांत सुरक्षित राहिल्या. पण मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘लीळाचरित्रा’सारखा गद्यग्रंथ कित्येक शतके नसल्यातच जमा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीने त्या लिप्यांची किल्ली बाहेर आली, आणि मराठी गद्याचा इतिहास मागे सरकला. कुलूप घालणाऱ्याला आपल्यानंतर कोण उघडणार याची कल्पना करता येत नाही. त्याच्या दृष्टीने दार त्याच्यासाठी नेहमीच उघडे असते. शेजारच्या त्या मुलानेही वाईट काही केले नव्हते.

हे झाल्यावर प्रश्न उभा राहिला तो आता हे सगळे ठेवायचे कोठे, याचा. काकूंनी जबाबदारी माझ्यावर टाकली होती आणि पैसे माझ्या पगारातून जायचे होते.

सहकाऱ्यांचे मत स्पष्ट होते: बांधावे. त्यांच्या युक्तिवादात बळ आहे आणि तो मी इथे होईल तितक्या प्रामाणिकपणे मांडते. बांधलेल्या यंत्राचा प्रत्येक भाग बाजारात मिळतो. पॉवर सप्लाय जळला तर तासाभरात दुसरा बसतो. प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नाही, तिची घडण उघड आहे. सरांच्या पेटीतली झेडएफएस ही मांडणी तर प्रत्येक तुकड्याची पडताळणी करते, आणि काळाच्या ओघात एखादे अक्षर आपोआप बदलले तर ते ओळखून दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत ज्यांनी वर्षे घालवली त्यांना या गुणाचे मोल सांगायला नको. नजरचुकीचा लेखनिक आणि ती चूक पकडणारा संपादक दोघेही एकाच यंत्रात. विकतच्या डब्यांत ही सोय थोड्या वरच्या किमतीला मिळते, सर्वांत स्वस्त डब्यांत बहुधा नसते.

विकत घेणाऱ्याची परवशता हा त्यांचा दुसरा मुद्दा, आणि तोही हवेतला नाही. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने २०२५ साली आपल्या ‘प्लस’ मालिकेतील नव्या यंत्रांत आपण प्रमाणित केलेल्या डिस्कच पूर्ण क्षमतेने चालतील असे धोरण आणले. ग्राहक बिथरले तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात ते बऱ्याच अंशी मागे घेतले. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ची कथा अधिक भयंकर आहे. २०१५ नंतर कंपनीने त्या यंत्राच्या प्रणालीकडे लक्ष देणे थांबवले, पण घरोघरी ती चालूच राहिली. जून २०२१ मध्ये जगभरच्या अनेक मालकांना आपापले यंत्र एका रात्रीत दुरून रिकामे केले गेल्याचे आढळले. पैसे देऊन आणलेला डबा आपल्या घरात असतो, पण त्याचे आयुर्मान कंपनीच्या दप्तरात ठरते.

मग महाजालावरच का ठेवू नये, असेही कोणी विचारील. ठेवावे, एक प्रत जरूर ठेवावी. पण २०२१ च्या जूनपासून गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि त्याच सुमारास शिक्षणसंस्थांनाही मर्यादा घातल्या, हे महाविद्यालयांतल्या आपल्यासारख्यांना चांगलेच आठवत असेल. संस्थेने दिलेले खाते निवृत्तीबरोबर जाते, हे तर निवृत्तीच्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

इतके सगळे ऐकूनही मी तयार डबाच विकत आणला. त्याची कारणे तांत्रिक नाहीत, म्हणून सहकाऱ्यांना ती अजून पटलेली नाहीत. खर्चात फार फरक पडला असेही नाही. डबा वीस हजारांच्या पुढे, आणि दोन डिस्क मिळून जवळजवळ तेवढ्याच. जुना सांगाडा वापरून बांधले असते तर डब्याचे पैसे वाचले असते. उलट विजेचा हिशेब आहे: सत्तर वॅट खाणारा जुना संगणक दिवसरात्र चालला तर महिन्याला ५० युनिट होतात, लहान डबा १८ वॅटच्या आसपास, म्हणजे १३ युनिट. तीन-चार वर्षांत हिशेब बराच सारखा होतो. त्यामुळे पैसा हे कारण नव्हे.

माझे कारण काकू आहेत. सरांच्या माघारी त्या पेटीसमोर त्या उभ्या राहिल्या तेव्हा पेटीवर कोणाचे नाव नव्हते, सोबत पुस्तिका नव्हती, कोणाला विचारावे हे कळण्याची सोय नव्हती. घरी बांधलेले यंत्र बांधणाऱ्याच्या डोक्यात अर्धे असते. डिस्क अमुक क्रमाने का लावल्या, तमुक सोय का बंद ठेवली, हे त्याने कोठे लिहिलेले नसते, कारण त्याला ते लिहिण्यासारखे वाटत नाही. विकतच्या डब्यावर निदान कंपनीचे आणि मालिकेचे नाव असते. त्या नावावरून माझी मुलगी, किंवा माझ्यानंतर हा संग्रह ज्या कोणा विद्यार्थिनीकडे जाईल ती, अनोळखी गावातही कोणाला तरी विचारू शकेल. डबा चांगला आहे म्हणून मी तो घेतलेला नाही. माझ्यासारखे अडाणी लोक त्याच्याविषयी एकमेकांशी बोलू शकतात म्हणून घेतला.

मात्र घेताना काही गोष्टी ठरवून केल्या. डिस्कना कुलूप घातले नाही. धवळ्यांच्या चोरीचे मला भय नाही. कोणी चोरून ऐकले तर आनंदच आहे. सरांचा लेखकांशी झालेला खाजगी पत्रव्यवहार तेवढा वेगळा काढून कूटबद्ध केला आणि त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून, लखोटा बंद करून काकूंच्या हवाली केला. यंत्राची मांडणी सहकाऱ्यांनी अशी निवडून दिली की डबा मेला तरी डिस्क काढून कोणत्याही लिनक्स संगणकावर वाचता यावी. डबा बाहेरच्या महाजालाला दिसणार नाही, घरातल्या घरात राहील, अशीही तजवीज केली.

एक गैरसमज मात्र माझा स्वतःचाही होता आणि तो फार जणांचा असावा: दोन डिस्कवर तेच लिहिले जाते म्हणजे दोन प्रती झाल्या. तसे नाही. एकावरून पुसले की त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसले जाते. सरांच्या वहीत नोंद असलेल्या तीन फिती पेटीत सापडल्या नाहीत, त्या बहुधा अशाच गेल्या. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत, पेटी एकाच घरात, घर एकाच किनाऱ्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या किनाऱ्याला धडकले तेव्हा कौले उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या आणि काही गावांना कित्येक दिवस वीज नव्हती. सरांच्या घरात छतातून पाणी आले, ते पेटीपासून दोन हातांवर. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे उदाहरण तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १८६४ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय २००५ च्या जुलैमध्ये पुराखाली गेले, लोकांनी ते पुन्हा उभे केले, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा पुराखाली गेले. तिथल्या माणसांनी निगा राखण्यात कसूर केली असे कोणी म्हणणार नाही. पाणी यायचे तिथे आले.

पुन्हा ‘लीळाचरित्रा’कडे जाते. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत हरवली, अशी परंपरा आहे. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हिराइसेसारख्या शिष्यांना तो मुखोद्गत होता म्हणून. वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला, पाठभेदांसकट. त्या पाठभेदांनी संपादकांना छळले आहे, पण एकच निर्दोष प्रत असती आणि ती धाडीत गेली असती तर छळायलाही काही उरले नसते. म्हणून मी दर सहा महिन्यांनी सगळा संग्रह एका साध्या बाह्य डिस्कवर उतरवते. ती दुकानातल्या त्या मुलालाही उघडता येईल अशा मांडणीची आहे, आणि साताऱ्याला माझ्या बहिणीच्या कपाटात असते. बहिणीला तिच्यात काय आहे याच्याशी देणेघेणे नाही. ती साड्यांखाली ठेवते. बांधावे की घ्यावे या वादात आम्ही जितका वेळ घालवला, त्याच्या दशांश वेळ या साड्यांखालच्या डिस्कच्या विचारात घालवला, याची आता मला थोडी शरम वाटते.

यंत्र नीट चालले, प्रती झाल्या, तरी एक काम राहतेच आणि तेच सर्वांत कंटाळवाणे आहे. पेटी उघडली तेव्हा आत काय दिसले? ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘साइड ए’, ‘साइड ए नवी’. सरांचे २००० च्या आसपासचे लेख युनिकोडपूर्व काळातल्या कोणत्याशा टंकात होते; उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा. फाइल शाबूत, मजकूर शाबूत, आणि वाचता एक शब्द येत नाही. टंक ओळखून त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करायला दिवाळीची सुट्टी गेली. ध्वनीच्या बाबतीत सरांची एक दोनशे पानी वही मदतीला आली. कोणत्या गावी, कोणाच्या लग्नात, कोणी गायिले, हे त्यांनी शाईच्या पेनाने लिहून ठेवले होते. वहीशी ताडून आम्ही फाइलींना नावे दिली. अकरा फिती अशा निघाल्या की ज्यांची नोंद वहीत नाही. आवाज खणखणीत आहेत, शब्द कळतात, आणि गाणारी कोण हे कळण्याचा मार्ग नाही. दोन गावांना जाऊन आम्ही त्या ऐकवल्या. चौघींची ओळख पटली. बाकी सात अजून तशाच आहेत.

सहकारी हार मानणारे नव्हेत. दिवाळीत त्यांनी सरांचा जुना सांगाडा मागून नेला आणि चेंढऱ्याच्या आपल्या घरी त्यातून पुन्हा एक यंत्र बांधले. त्यावर माझ्या डब्याची प्रत रोज रात्री जाते. कोणते यंत्र ठेवायचे आणि कोणते मोडीत काढायचे, असे मी विचारले तेव्हा त्यांनी आमच्या गावच्या वेधशाळेचा दाखला दिला. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापने धोक्यात आली. विजेच्या प्रवाहाने सुया विचलित होणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम १९०४ साली अलिबागला हलवले. कुलाब्याची नोंद १८४१ पासूनची. पण मूस यांनी अलिबाग सुरू होताच कुलाबा बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मापने चालू ठेवली, आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, दोन जागांतला फरक किती हे निश्चित केले, आणि मगच जुने थांबवले. त्यामुळे १८४१ पासूनची मालिका तुटली नाही. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्याला हाताने टिपलेली मापने तशीच जपली गेली. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, संशोधकांनी त्या नोंदींवरून जगापुढे मांडली. त्या नोंदींना परवलीचा शब्द नव्हता, एवढे मी सहकाऱ्यांना ऐकवून घेतले.

तर मूस यांच्याप्रमाणे आम्हीही दोन वर्षे दोन्ही यंत्रे चालवणार आहोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आमच्याकडे येतात किंवा मी चेंढऱ्याला जाते; दोन्हीकडची एकेक फाइल डोळे मिटून निवडायची आणि अथपासून इतिपर्यंत ऐकायची, असा नेम आहे. त्यांचे यंत्र आतापर्यंत दोनदा बंद पडले आणि दोन्हीदा त्यांनी ते तासाभरात सुरू केले. याचा अर्थ काय लावायचा यावर आमचे एकमत नाही. गेल्या खेपेला अनोळखी सातांपैकी एक फीत निघाली. पार्श्वभूमीला कोंबडा आरवतो आहे, कोणीतरी भांडी घासते आहे. गाणे सुरू होण्याआधी म्हातारी सरांना विचारते, "मास्तर, चालू हाय का तुमची पेटी?" सर हो म्हणतात, आणि ती खाकरून गायला लागते.